बिनतारखेचा परवा

"कुठलं बेट म्हणालात?" असं विचारत तिनं मान वर केली, तर समोर साहेब बसलेले.

साहेबच. बावीस वर्षांत डोक्यावरचे केस गेले होते, गळ्याची कातडी सैल पडली होती, हातात काठी आली होती. पण शर्टाचं सगळ्यात वरचं बटण तसंच गळ्याशी आवळून लावलेलं, आणि बोलण्याआधी घसा खाकरून समोरच्याला अर्धा क्षण ताटकळत ठेवायची ढबही तीच. शेजारी एक ठेंगणीशी, हसऱ्या तोंडाची म्हातारी, मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून. बायको असणार. साहेबांना घरी बायको असेल हे त्या काळी कुणाच्या मनातसुद्धा आलं नसतं. या भेटीची तालीम तिनं किती वेळा केली होती याला गणती नाही. रांगेत उभे दिसतील, दवाखान्यात बाकावर दिसतील, रस्ता ओलांडताना दिसतील. आपण सरळ पुढ्यात जायचं आणि म्हणायचं. काय म्हणायचं ते मात्र वर्षागणिक बदलत गेलं. सुरुवातीला लांबलचक भाषण होतं, शिव्याशापांसकट. ते आटत आटत तीन वाक्यांवर आलं, आणि अलीकडे तर नुसतं समोर उभं राहायचं आणि त्यांनी खाली बघायचं, एवढंच उरलं होतं. आता प्रत्यक्ष गाठ पडली तर तोंडातून निघालं काय? "पाणी देऊ का?" हात्तिच्या! तिला स्वतःचीच चीड आली. जिभेवर शाईच्या पॅडची तुरट चव आल्यासारखी वाटत होती, आणि हातानं मात्र आपलं नेहमीचं काम उरकून टाकलं होतं: कोरा कागद पुढे ओढून वर उजव्या कोपऱ्यात तारीख घातली होती. साहेबांनी कागदाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि पाणी नको म्हणाले. चेहऱ्यावर ओळखीची रेष नाही. ज्या माणसामुळे आपलं माहेर तुटलं त्याला आपण आठवूसुद्धा नये? तिच्या अंगाची लाही लाही झाली.

या प्रवास कचेरीत तिला सगळे बेटबाई म्हणायचे. तीन टेबलं, कुरकुरणारा एक पंखा, भिंतीवर डोंगर आणि समुद्र. मालक आत काचेमागे, शेजारच्या टेबलावर तिकिटवाला, आणि ही. मोठी शहरं, विमानं, हॉटेलं तिकिटवाल्याकडे. जिथं सहसा कुणी जात नाही, दोन वाहनं बदलून तिसऱ्याची वाट बघावी लागते, अशी ठिकाणं हिच्याकडे. त्यातही ते बेट म्हणजे तिच्या हातचा मळ, जरी तिनं स्वतः ते कधी पाहिलेलं नव्हतं. पाऊण तासात चालून पालथं घालता येईल एवढं; एक धक्का, एक विश्रामघर, मासे धरणाऱ्यांची सात-आठ घरं, एक विहीर. फोन लागत नाही. होडी आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी. तिकडे जाणाऱ्या प्रत्येकाच्या कार्यक्रमाच्या शेवटी ती दोन-चार दिवस रिकामे सोडायची आणि त्याला उशी म्हणायची. "समुद्र काही आपल्या बापाचा नोकर नाही," असं गिऱ्हाइकाला तोंडावर ऐकवायची, "परतल्या परतल्या कुठलं काम ठेवू नका, मध्ये उशी असू द्या." तिचा दुसरा नियम म्हणजे तिच्या टेबलाशी 'परवा' म्हणायचं नाही. तिकिटवाला मुद्दाम खोडी काढायचा. "बेटबाई, ते परवाचे पाहुणे..." की ही कडाडलीच: "कुठला परवा? मागचा की पुढचा? तारीख बोला!" एकच शब्द मागंही बघतो आणि पुढंही, आणि अख्खं जग तो बिनदिक्कत वापरतं, याचं तिला आश्चर्य वाटायचं. तिकिटवाल्याचं मत होतं की बाई जरा जास्तच काटेकोर आहे. पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं हे त्या बिचाऱ्याला कसं कळावं.

बोलत होत्या त्या साहेबांच्या शेजारच्या काकूच. साहेब काठीच्या मुठीवर हात ठेवून ऐकत होते. "आमच्या स्वयंपाकघरात एक जुनं कॅलेंडर आहे," काकू म्हणाल्या, "वर्ष उलटून गेलं तरी मी काढलं नाही. त्यावर या बेटाचा फोटो आहे, पांढरा धक्का नि एक पक्षी. रोज भांडी घासताना मी तिकडेच बघते. म्हटलं, मरायच्या आधी एकदा तिथं जाऊन उभी राहीन. यांनी चाळीस वर्षांत कुठं नेलं नाही हो. नोकरीत स्वतः कधी रजा घेतली नाही आणि दुसऱ्या कुणाला दिलीही नाही! निवृत्त झाले तेव्हा म्हणे तीनशे दिवस शिल्लक होते. काय करायचंय त्यांचं? लोणचं घालायचंय?" आणि स्वतःच खदखदून हसल्या. बेटबाईही हसली. हसताना तिनं साहेबांकडे पाहिलं. ते भिंतीवरच्या डोंगराकडे बघत होते. मग काकूंनी आवाज खाली आणला. "आणि हे बघा, आम्हाला महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी घरात असलंच पाहिजे. लेक येतेय. सहा वर्षांनी. यांच्याशी वाजलं होतं तिचं, तेव्हापासून उंबरा चढली नाही. चार वर्षांची नात आहे, अजून डोळ्यांनी पाहिली नाही मी. शनिवारी सकाळी येणार, सोमवारी संध्याकाळी जाणार. शनिवारी दाराला कुलूप दिसलं तर ती उलट्या पावली परत जाईल, मग पुन्हा काही यायची नाही. तिचा स्वभाव अगदी बापासारखा." साहेबांनी घसा खाकरला. "विश्रामघर या महिनाअखेरीला हंगामापुरतं बंद होतं असं ऐकतो," ते म्हणाले. पहिलंच वाक्य. आवाज तोच, फक्त कडा झिजलेल्या. "म्हणजे याच महिन्यात जायला हवं."

आता यातली गोम अशी. या महिन्याच्या अखेरीला वारा फिरतो. मंगळवारची होडी किराणा घेऊन जाते, त्यामुळे वारा असो नसो, ती जातेच, नाहीतर बेटावरची माणसं खातील काय? शुक्रवारची नुसती माणसांसाठी. वारा दिसला की नावाडी दोर सोडतच नाही, आणि त्या दिवसांत वारा दिसतोच. वेळापत्रकात मात्र दोन्ही वार ठळक छापलेले असतात. त्यांवर विसंबून कितीतरी शहाणे तिथं अडकलेले तिनं पाहिले होते. म्हणून ती सगळ्यांना मंगळवार ते मंगळवार असा पुरा आठवडा द्यायची. यांनाही तोच द्यायचा, एक आठवडा आधीचा. मंगळवारी परत आले की शनिवारपर्यंत उशीच उशी. सरळ होतं. तिचं पेन कागदावर टेकलेलं होतं. आणि त्या क्षणी तिला लख्ख दिसलं की आपल्याला काही करायचंच नाहीये. खोटं बोलायचं नाही, कागद फिरवायचा नाही, कुणाला हात लावायचा नाही. फक्त एक गोष्ट सांगायची नाही, झालं. शेवटच्या आठवड्यात मंगळवारी जा, शुक्रवारी परत या, शनिवारी लेकीला भेटा. छापील वेळापत्रकाप्रमाणे चोख. शुक्रवारी होडी सुटली नाही तर कावळा बसायला नि फांदी मोडायला एकच गाठ. बेटबाईचा त्यात काय दोष? आणि हा माणूस बेटावर बसून राहील, आपलं माणूस घरी येऊन दाराशी उभं आहे हे माहीत असून, आणि मंगळवारपर्यंत तिथून हलू शकणार नाही. तिनं लिहिलं: मंगळवार. शुक्रवार. अक्षर जराही हललं नाही.

त्या संध्याकाळी ती पायीच घरी गेली. तिची एकच खोली, तिसऱ्या मजल्यावर. एक खाट, एक टेबल, खिडकीत वाळत घातलेला टॉवेल. चहा ठेवला तो उतू गेला, दुसरा ठेवला तो प्यायचा राहिला. खाटेवर बसून ती त्या दुसऱ्या कचेरीत जाऊन पोचली होती, पाणीपुरवठा खात्याच्या त्या लांबट खोलीत, आवक-जावकच्या टेबलाशी. बाहेरून आलेला आणि बाहेर गेलेला प्रत्येक कागद त्या टेबलावर नोंदवायचा, शिक्का मारायचा, तारीख घालायची. वर साहेब. "बिनतारखेचा कागद म्हणजे बिनबापाचं पोर," असं ते म्हणायचे, आणि एकदा तारीख घालायची राहिली म्हणून त्यांनी तिला चारचौघांत उभं करून तो कागद मोठ्यानं वाचायला लावला होता. ती तेव्हा तिशीची, घरच्यांपासून पाच तासांच्या अंतरावर एकटी राहणारी, कामाला वाघ. साहेबांनी एकदा तरी मान डोलवावी यासाठी मरमर मरायची. ही गोष्ट तिनं कधी कुणाला सांगितली नव्हती. तिला आवडायचं ते काम. रेषा मारलेली पानं, जांभळा गोल शिक्का, ओळीखाली ओळ. आई तिकडे भावाजवळ आजारी होती, पण आजारी तर ती दोन वर्षं होतीच. आणि कचेरीत फोन एकच, साहेबांच्या टेबलावर.

गुरुवार होता. सकाळी दहाला साहेबांनी तिला बोलावून एक चिठ्ठी हातात दिली. त्यांचंच बारीक, टोकदार अक्षर. 'घरून भावाचा फोन. आईची प्रकृती गंभीर. डॉक्टर म्हणतात परवापर्यंत आहे. बघून जावे.' डोक्यानं लगेच हिशेब केला: आज गुरुवार, परवा म्हणजे शनिवार. "साहेब, निघू का?" तिनं विचारलं. मागच्या खोलीत तपासणीसाठी वरून आलेले दोघे चहा पीत बसले होते, आणि नोंदींची चाळीसेक पानं अजून बाकी होती. साहेबांनी घसा खाकरला. "परवापर्यंत आहे ना? मग एवढं संपवा आणि रात्रीची गाडी घ्या." तिनं संपवलं. नुसतं संपवलं नाही, नीटनेटकं संपवलं. हेच तिला पुढे झोपू देईना. पाणावल्या डोळ्यांनी का होईना, एकही खाडाखोड न करता चाळीस पानं, आणि संध्याकाळी तपासनिसानं शेवटच्या पानावर 'नोंदी अद्ययावत, समाधानकारक' असं लिहिलं तेव्हा एक क्षणभर, अगदी एकच क्षण, तिला बरं वाटलं होतं. शुक्रवारी पहाटे ती पोचली. आई गुरुवारी दुपारी चारला गेली होती. दहाला निघाली असती तर तीनला पोचली असती. भाऊ दारातच उभा होता. "तीन दिवस काय करत होतीस?" तो म्हणाला. "मंगळवारी सकाळी मी स्वतः बोललो तुझ्या साहेबांशी. परवापर्यंत आहे म्हणून सांगितलं. दर थोड्या वेळानं दाराकडे बघत होती ती. तू काय तिकडे शिक्के मारत होतीस?" परवा म्हणजे मंगळवारपासूनचा परवा. म्हणजे गुरुवारच. चिठ्ठीवर तारीख नव्हती. ज्या टेबलावरून बिनतारखेचा कागद कधी हलत नसे, त्या टेबलावरून निघालेला हा एवढा एकच.

भावाला तिनं चिठ्ठी दाखवली, समजावून सांगितलं. त्यानं चिठ्ठी उलटीसुलटी केली आणि म्हणाला, "यावर तारीख कुठाय?" संपलं. त्यानंतर त्याच्याशी जे बोलणं झालं ते कामापुरतं, पुढे कामंही संपली. भाच्याचं लग्न झाल्याचं तिला तिऱ्हाइताकडून कळलं. आणि साहेब? ती दहा दिवसांनी कामावर हजर झाली तेव्हा टेबलासमोर उभी राहून शब्द जुळवत होती, तर ते मान वर न करता म्हणाले, "गैरहजेरीचा रजेचा अर्ज द्या. तारीख घालायला विसरू नका." आणि तिनं दिला! आज बावीस वर्षांनी खाटेवर बसून ती स्वतःच्या मांडीवर मूठ आपटत होती ती साहेबांसाठी नव्हे, त्या अर्जासाठी. कृपाळू होऊन रजा मंजूर व्हावी ही विनंती, असं लिहिलं होतं तिनं. कृपाळू!

पुढचे दिवस मात्र मजेत गेले, खोटं कशाला बोला. कुठल्याही गिऱ्हाइकाचं केलं नसेल इतक्या जिव्हाळ्यानं तिनं साहेबांच्या सुट्टीचं काम केलं. विश्रामघरात चार खोल्या. तिनं मुद्दाम दुसरी घेतली, जिच्या खिडकीतून धक्का आणि त्यापुढचं सगळं पाणी दिसतं. बसा बघत. शुक्रवारी सकाळी सामान बांधून धक्क्यावर जातील. साहेब वेळेच्या आधी तासभर, सवयीनं. पेटीवर बसतील. समोर रिकामं पाणी. दहा वाजतील, अकरा वाजतील. विश्रामघराचा माणूस लांबून ओरडून सांगेल, आज नाही यायची, मंगळवारी! मग शनिवार उजाडेल. कुणीतरी दाराशी येईल, बेल वाजवेल, पुन्हा वाजवेल. इकडे हा माणूस दाराकडे नव्हे, पाण्याकडे बघत असेल, त्याच्या डोक्यात ती बेल वाजत असेल, आणि करता काही येणार नाही. हे चित्र ती जेवताना बघायची, भाजी निवडताना बघायची, कचेरीत इतरांचे कागद करताना बघायची, आणि दर वेळी त्यात काहीतरी भर घालायची. वारा किती असावा, ऊन कुठून यावं, साहेबांच्या बुटात वाळू जावी. चित्र जिवंत व्हायला लागलं आणि तिथंच घात झाला, कारण त्यात काकूही येऊन बसल्या. पेटीच्या दुसऱ्या टोकाला, पर्स मांडीवर धरून. त्यांना चित्राबाहेर काढावं तर त्या जाईनात.

त्यात एक दिवस त्यांचाच फोन आला. "बेटबाई ना? तुमच्या इथले सगळे असंच म्हणतात म्हणून म्हटलं हो, रागावू नका. तिथं शिंपले मिळतात का? चार वर्षांच्या पोरीला काय आवडेल, मला काही सुचेना. मी एक डबा घेऊन जाणार आहे, कापूस घालून. फुटायला नकोत, शनिवारपर्यंत." तिनं सांगितलं, मिळतात, पश्चिमेच्या बाजूला, सकाळी लवकर जा. फोन ठेवला आणि चरफडत बसली. त्या बाईनं आपलं काय घोडं मारलंय? काही नाही. पण माझ्या आईनं तरी कुणाचं काय घोडं मारलं होतं? तीही बिचारी दाराकडेच बघत होती ना? सुक्याबरोबर ओलंही जळतं, त्याला इलाज नाही. असं तिनं स्वतःला दटावलं, आणि पटलंय असं समजून कामाला लागली. दुपारी तिकिटवाल्यानं तिचा कागद सहज उचलून पाहिला. "बेटबाई, मंगळवार ते शुक्रवार? शेवटच्या आठवड्यात? उशी कुठंय?" "त्यांना घाई आहे," ती म्हणाली. "घाई तर सगळ्यांनाच असते. तुम्ही कधी कुणाचं ऐकलंय?" तिनं त्याच्या हातातून कागद ओढून घेतला. त्यानं भुवया उडवल्या आणि आपल्या विमानांकडे वळला. ठरल्या दिवसाला अजून जवळजवळ दोन आठवडे होते, बदल करायचा तर करता आला असता. हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच ती त्या कागदाकडे पुन्हा बघत नव्हती.

कागद न्यायला दोघं त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी सकाळी आले. काकूंनी नवी टोपी घेतली होती, रुंद कडांची, ती डोक्यावर चढवूनच आल्या होत्या. "कशी दिसते? हे म्हणतात बुजगावणं दिसते." साहेब खुर्ची ओढून बसले. होडीवाल्यांना प्रत्येकाच्या ओळखपत्राची प्रत लागते. ती त्यांनी आणली नव्हती. "खाली कोपऱ्यावर काढून मिळेल," बेटबाई म्हणाली. साहेब उठायला लागले तर काकूंनी त्यांना खांदा दाबून बसवलं. "जिने चढून-उतरून गुडघे दुखवून घ्याल. मी आले पाच मिनिटांत." आणि टोपीसकट खाली गेल्या. तिकिटवाला आत मालकांपाशी होता. पंखा कुरकुरत होता. तिनं छापलेला कार्यक्रम साहेबांपुढे सरकवला, सहीच्या जागेवर बोट ठेवलं. साहेबांनी कागद सावकाश वाचला, वरपासून खालपर्यंत, प्रत्येक ओळीवर पेनाचं टोक टेकवत. ते टोक शुक्रवारपाशी थांबलं.

"शुक्रवारची होडी या दिवसांत सुटत नाही," ते म्हणाले.

तिनं सहीच्या जागेवरचं बोट काढून घेतलं.

"मी धक्क्यावर फोन करून विचारलं. गेल्या कित्येक वर्षांत या महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी एकदाही सुटली नाही म्हणाले." पेन तिथंच. "तुम्हाला मी पहिल्याच दिवशी ओळखलं. कागद पुढे घेतलात आणि आधी उजव्या कोपऱ्यात तारीख घातलीत. ती सवय माझ्या टेबलाची."

अंगाला लावून घेतलेली, रोजची, आपली म्हणून वाढवलेली सवय. तीही याचीच निघाली. "मग इतके दिवस गप्प का बसलात?" ती म्हणाली.

"ती चिठ्ठी मंगळवारची होती." साहेब तिच्याकडे बघत नव्हते, कागदाशी बोलत होते. "तपासणी तोंडावर होती. तुम्ही गेला असतात तर नोंदी अपुऱ्या राहिल्या असत्या. मला वाटलं, डॉक्टर म्हणतात तसं काही होत नाही, म्हातारी माणसं काढतात दिवस. मुद्दामच ठेवून घेतली मी. तारीखही मुद्दाम घातली नाही." त्यांनी श्वास घेतला. "तेव्हा हे असंच राहू द्या. तुमचं बरोबर आहे. माझी काही तक्रार नाही." आणि त्यांनी सही केली. टोकदार, बारीक, ठरलेल्या जागी. खाली तारीख घातली.

हे ऐकण्यासाठी ती बावीस वर्षं थांबली होती. मुद्दाम. हाच शब्द हवा होता तिला, भावासमोर नेऊन आपटण्यासाठी. आता तो टेबलावर पडला होता आणि तिला काय वाटत होतं? आधी काहीच नाही. मग पोटातून वर वर चढत आला तो राग इतका जुना आणि इतका ताजा की तिनं टेबलाची कड धरली. या माणसानं तिचा सूडसुद्धा मंजूर करून टाकला होता! अर्ज वाचला, सही केली, तारीख घातली, मोकळा झाला. आता हा बेटावर पेटीवर बसेल तो अगदी हलक्या मनानं बसेल, भोगलं म्हणून. आणि रडेल कोण? ती टोपीवाली. कापसात शिंपले घेऊन मंगळवारची वाट बघत. तिला तर यानं विचारलंसुद्धा नाही. लेक उलट्या पावली जाईल, ती याच्यासाठी; पोरगी आजीला न बघताच जाईल, तीही याच्यासाठी. तेव्हा याची तपासणी पार पडली आणि रडलो आम्ही. आजही पुरं व्हायचं ते याचंच रजिस्टर, दुसऱ्याच्या आईला बळी देऊन. आणि मी त्याची कारकून ती कारकूनच.

जिन्यात पावलं वाजली. काकू धापा टाकत आल्या. "दोन-दोन काढल्या, असू देत जास्तीच्या. झाली का सही? अगंबाई, झालीसुद्धा! यांची सही म्हणजे काय, काळ्या दगडावरची रेघ." त्या खुर्चीत बसल्या, टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि रोजच्या रोज स्वतःला विचारून झालेला प्रश्न तिला विचारला. "मग शनिवारी सकाळी घरी नक्की ना?"

साहेब टेबलाकडे बघत होते. उत्तर तिनं द्यायचं होतं. त्यांनी ते तिच्यावर सोडलं होतं, मोठ्या मनानं.

"नाही, काकू," ती म्हणाली. "शुक्रवारची होडी या दिवसांत सुटत नाही. तुम्ही मंगळवारपर्यंत अडकला असता. मी हे मुद्दाम असं लिहिलं होतं." काकूंचं तोंड उघडंच राहिलं. "घाबरू नका. याच मंगळवारी, म्हणजे ठरल्यापेक्षा एक आठवडा आधी, जागा आहे, पुढच्या मंगळवारी परत. मी आत्ता बदलून देते. तुमचा शनिवार कुठं जात नाही."

"पण मुद्दाम म्हणजे? का बाई? आम्ही तुमचं काय केलं?"

"तुम्ही काही नाही केलंत." तिनं सही केलेला कागद उचलून काकूंच्या पुढ्यात ठेवला आणि शुक्रवारवर बोट ठेवलं. "हे साहेबांना ठाऊक होतं. त्यांनी स्वतः धक्क्यावर फोन करून विचारलंय. आणि ठाऊक असूनच त्यांनी आत्ता ही सही केली. वाळली नसेल अजून, बघा."

काकूंनी कागदाकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे. हसऱ्या तोंडाची ती बाई हसायची थांबली की कशी दिसते ते बेटबाईनं पहिल्यांदाच पाहिलं. साहेबांनी बहुधा पूर्वी पाहिलं असावं, कारण ते खुर्चीत मागे सरकले.

"अहो," काकू म्हणाल्या. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"घरी गेल्यावर सांगतो."

"घरी नाही. इथं." त्यांनी खुर्ची ओढून नवऱ्याकडे तोंड करून घेतली. "लेक येणार होती. तुम्हाला ठाऊक होतं, आणि तुम्ही मला तिथं नेऊन बसवणार होतात? का?"

गळ्याशी आवळलेल्या बटणाकडे त्यांचा हात गेला आणि परत खाली आला. ते इतकंच म्हणाले, "हिची आई..."

"कुणाची आई?" काकूंचा आवाज चढला. "काय झालं हिच्या आईला?"

तेव्हा साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. ती सांगेल, दोन शब्दांत, सौम्य करून सांगेल, आणि आपण सुटू, अशी आशा त्या नजरेत होती. तिनं पेनाला टोपण लावलं, हात टेबलावर जोडून ठेवले आणि खुर्चीत नीट बसून घेतलं.

"बोला साहेब," ती म्हणाली. "काकू थांबल्यात."